लांडग्याची गाठ कुठे पडते आणि मूस कुठे मरतो

परवा रात्री भाची मोबाईल घेऊन आली, दहावीत आहे, बोरिवलीला राहते, प्राण्यांचं भयंकर वेड. व्हिडिओ होता. गुडघाभर बर्फात एक मूस उभा, भोवती सात-आठ लांडगे, कोणी बसलंय, कोणी येरझाऱ्या घालतंय, आणि मूस जागचा हलत नाहीये. तिने विचारलं, "मामा, हा पळत का नाहीये?" मी म्हटलं, पळाला तर मरेल बहुतेक. तिला ते पटलं नाही, आणि बरोबरच होतं तिचं, कारण एवढंसं उत्तर म्हणजे काहीच नाही. तो कुठे उभा आहे, बर्फ किती आहे, मागे झाड आहे की मोकळं आहे, वय काय, हे सगळं त्या उत्तरात यायला हवं. मग रात्री बारापर्यंत आम्ही बसलो, आणि तेव्हा जे बोललो ते इथे नीट लिहून काढतोय, कारण मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही आणि विषय खरंच सुंदर आहे.

आधी मूस म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणा. हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. आपला सांबर मोठा वाटतो ना, चांगला भरलेला नर अडीचशे-तीनशे किलोचा, तर मूस सहज चारशे-पाचशे किलोचा असतो आणि खांद्याशी उंची माणसाएवढी किंवा जास्त. पाय तर एवढे लांब की लांबून बघितलं तर कोणीतरी स्टुलावर ठेवल्यासारखा दिसतो. लांडगा त्या मानाने तीस-चाळीस किलोचा. म्हणजे एकास एक विचार केला तर लांडग्याला काही चान्सच नाही, एक लाथ बरोबर बसली की बरगड्या जातात, आणि अशा मोडून परत जुळलेल्या बरगड्या मेलेल्या लांडग्यांच्या सांगाड्यात सापडतातही. म्हणून लांडगे टोळीने जातात आणि म्हणूनच पुढचा सगळा प्रश्न जागेचा होतो.

आता हे कळलं कुठून. अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये लेक सुपीरियर नावाचं प्रचंड सरोवर आहे, त्यात आयल रॉयल नावाचं बेट. क्षेत्रफळ सुमारे ५३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडंसंच लहान, पण आकार लांबुडका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ७२ किलोमीटर, चर्चगेटहून विरारला जाऊन अजून पुढे जाल एवढं. मूस तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचले आणि लांडगे १९४० च्या दशकाच्या शेवटी, हिवाळ्यात सरोवर गोठलं तेव्हा बर्फावरून चालत. तिथे अस्वल नाही, दुसरं हरीण नाही, माणूस शिकार करत नाही, त्यामुळे हिशेब एकदम स्वच्छ, मूसला मारणारा लांडगा आणि लांडग्याचं मुख्य खाणं मूस. १९५८ साली डरवर्ड अ‍ॅलन या प्राध्यापकांनी तिथे अभ्यास सुरू केला, त्यांचा विद्यार्थी डेव्हिड मीच छोट्या विमानातून तीन हिवाळे लांडग्यांच्या मागे फिरला, नंतर रॉल्फ पीटरसन यांनी आयुष्यच दिलं त्याला, आणि तो अभ्यास अजून चालू आहे. एका जागेवर शिकारी आणि सावज यांच्याकडे इतकी वर्षं सलग कोणीतरी बघत बसलंय, मला याचंच फार अप्रूप वाटतं.

मीचने विमानातून जे बघितलं त्यातली पहिली गोष्ट म्हणजे लांडगे बहुतेक वेळा हरतात. त्यांनी ज्या मूसना प्रत्यक्ष घेरलं किंवा पळवून बघितलं त्यातल्या दहातला एकसुद्धा त्यांच्या हाती लागत नव्हता. आणि जे मूस ठाम उभे राहिले ते वाचले, लांडगे काही वेळ भोवती घुटमळून, कधी अगदी एक-दोन मिनिटांत, निघून गेले. पळणाऱ्याच्या मागून हल्ला करता येतो, मांडीला, पुठ्ठ्याला चावा घेता येतो, उभ्या मूसच्या मात्र पुढचे आणि मागचे दोन्ही पाय चालतात. तर भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. पण मग कुठलाच मूस मरायला नको ना? मरतात तर. कुठे आणि कसे, इथून जागेची गोष्ट सुरू होते.

या विषयातली मुख्य कल्पना एकच आहे आणि ती डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं जातं. धोका म्हणजे एक गोष्ट नसते, दोन असतात. पहिली, लांडग्याशी गाठ पडेल का. दुसरी, गाठ पडली तर जीव जाईल का. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे खरा धोका. आणि गंमत म्हणजे जंगलातली एखादी गोष्ट पहिलीला वाढवते आणि दुसरीला कमी करते, किंवा उलट. समजा एका खोऱ्यात महिन्यात दहा वेळा गाठ पडते पण वीसपैकी एकदाच जीव जातो, आणि दुसऱ्या खोऱ्यात महिन्यात दोनदाच पडते पण चारातून एकदा जीव जातो. गुणून बघा, दोन्हीकडे धोका सारखाच निघतो. पण मूसने करायचं काय ते दोन्हीकडे पूर्ण वेगळं. पहिल्या ठिकाणी घाबरायचं कारण नाही, उभं राहायचं. दुसऱ्या ठिकाणी लांडग्याच्या नजरेलाच पडायचं नाही. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.)

आता बर्फ घ्या. जुलैमध्ये हिंदमाताला पाणी तुंबतं तेव्हा कधी चालला असाल तर हे लगेच कळेल. घोटाभर पाण्यात आपण चपला हातात घेऊन आरामात जातो, गुडघ्यापर्यंत आलं की पाय उचलून टाकावा लागतो, मांडीपर्यंत आलं की दहा पावलांत दम लागतो, आणि लहान मुलाला तर कडेवरच घ्यावं लागतं. मूसचं तसंच आहे. चाळीस-पन्नास सेंटीमीटर बर्फ त्याच्या त्या लांब पायांना काहीच नाही, साधारण ७० सेंटीमीटरला त्रास सुरू होतो, आणि ९० च्या पुढे गेलं की छाती बर्फाला घासायला लागते आणि तो अक्षरशः नांगरत चालतो. पिल्लाचं तर आणखी वाईट, ते आईच्या पावलांच्या चरातूनच चालू शकतं आणि लांडग्यांना नेमकं आई आणि पिल्लात अंतर पाडायचं असतं.

पण बर्फ खोल असेल तर लांडगाही रुतेल ना, हा भाचीचा पुढचा प्रश्न, एकदम बरोबर. रुततो, पण कमी. जुहूच्या कोरड्या वाळूवर कुत्रा सुसाट पळतो आणि भेळेची गाडी ढकलायला दोन माणसं लागतात, का, तर वजन किती आणि ते किती जागेवर पसरलंय याचा प्रश्न आहे. लांडग्याचा पंजा मोठा, पसरट, वजन कमी. मूसचा खूर वजनाच्या मानाने लहान. त्यात हिवाळ्याच्या शेवटी एक वाईट प्रकार होतो, दिवसा ऊन पडून वरचा बर्फ वितळतो आणि रात्री परत गोठतो, वर पापडासारखा कडक थर जमतो. लांडगा त्या पापडावरून चालतो, मूसचा पाय तो फोडून आत जातो. तेव्हा एरवी ठणठणीत असलेला मूससुद्धा अडकतो.

आयल रॉयलवर हे आकड्यांतही दिसलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की जास्त बर्फाच्या वर्षी लांडगे मोठ्या टोळीने शिकार करतात आणि एका दिवसात मारल्या जाणाऱ्या मूसची संख्या कमी बर्फाच्या वर्षांच्या तिप्पट होते. मूस कमी झाले की त्यांनी ओरबाडलेली बाल्सम फर या सूचिपर्णी (सुईसारख्या पानांच्या) झाडाची रोपं वाढायला लागतात, कारण फर हे त्यांचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं. म्हणजे ढगातून बर्फ किती पडला यावरून झाड किती वाढेल हे ठरतं, आणि मध्ये लांडगा आणि मूस उभे आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचलंच नाही.

बरं, मग खोल बर्फात मूस जातो कुठे? दाट सूचिपर्णी झाडांखाली. वरच्या फांद्या बर्फ झेलतात म्हणून खाली बर्फ कमी. किनाऱ्यालगतही अशी झाडी असते. पण लांडग्यांचं काय, त्यांनाही खोल बर्फात चालायचा कंटाळा असतो, ते सरोवराच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, गोठलेल्या खाड्यांवरून, वाऱ्याने दाबलेल्या बर्फावरून जातात, म्हणजे सोप्या वाटेने. तर मूस जिथे चालायला सोपं म्हणून येतो त्याच पट्ट्यात लांडगे येतात. म्हणजे जीव जाण्याची शक्यता कमी झाली, पण गाठ पडण्याची वाढली. शिवाय दाट झाडीत दूरचं दिसत नाही, लांडगा जवळ येईपर्यंत पत्ता लागत नाही. आणि गुळगुळीत बर्फावर मूस निघाला तर खूर घसरतात.

माझं आजोळ सोलापूरकडचं, तिथल्या माळावर आपलेही लांडगे आहेत, अंगाने लहान, आणि त्यांच्यासमोर काळवीट असतं. काळविटाचं सगळं भांडवल म्हणजे मोकळा माळ, लांबून दिसलं की पळायचं, वेगात त्याला धरणं फार अवघड. मूसचं भांडवल वेगळं, त्याचं अंग, त्याच्या लाथा आणि पाठीमागे काहीतरी आडोसा. म्हणून "मोकळी जागा सुरक्षित" किंवा "दाट झाडी सुरक्षित" असं सरसकट कोणी म्हणालं की मी थांबवतो, कोणासाठी ते आधी सांगा. एकाच झाडीचा अर्थ दोन प्राण्यांना उलटा लागतो.

एवढंच नाही, एकाच जातीतल्या म्हाताऱ्याला आणि तरण्यालासुद्धा वेगळा लागतो. हे मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं म्हणून जरा थांबून सांगतो. आयल रॉयलवर कुठला मूस कुठे मारला गेला याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, आणि दातांवरून वय कळतं. २०१४ मध्ये काही संशोधकांनी या नोंदी नकाशावर टाकल्या आणि दोन गट केले, उतारवयातले मूस आणि ऐन उमेदीतले. उमेदीतले मूस मारले गेले त्या जागा बेटभर पसरलेल्या, वेगवेगळे १३ पट्टे निघाले. आणि म्हातारे? त्यांचा एकच पट्टा, बेटाच्या ईशान्य भागात. आणि तरण्यांच्या तुलनेत म्हातारे जास्त करून उंचावरच्या, दाट सूचिपर्णी झाडांच्या तुकड्यांत मारले गेले. एकच बेट, तेच लांडगे, तोच बर्फ, आणि मरायच्या जागा वेगळ्या. वय झालेल्या मूसचे दात झिजलेले असतात, सांध्यांना संधिवात धरलेला असतो, त्यामुळे तो कुठे राहायचं, काय खायचं, किती धोका पत्करायचा याचे निर्णयच वेगळे घेतो, आणि गाठ पडली की टिकण्याची ताकदही कमी. आपल्याकडे जिन्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी जशा हळूहळू खाली यायच्या बंद होतात, घर तेच, जिना तोच, पण गुडघे गेले की त्या घराचा नकाशा बदलतो, अगदी तसं.

इथे एक खाचखळगा आहे तो सांगितलाच पाहिजे, कारण बातम्यांमध्ये इथेच गडबड होते. समजा एखाद्या गर्दीच्या स्टेशनवर सगळ्यात जास्त मोबाईल चोरीला जातात. म्हणून ते स्टेशन तुमच्यासाठी सगळ्यात धोक्याचं असं होतं का? नाही, कारण तिथून माणसंच सगळ्यात जास्त जातात. माणशी काढलं तर कदाचित एखाद्या शांत स्टेशनचा आकडा जास्त निघेल. मूसचंही तेच. किनाऱ्याला जास्त सांगाडे सापडले तर कदाचित तिथे मूसच जास्त होते, किंवा तिथले सांगाडे विमानातून सोपे दिसतात. म्हणून संशोधक शिकारीच्या जागा घेतात आणि शेजारी नुसत्याच कुठल्याही, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या जागा घेतात, आणि दोन्हींची तुलना करतात, उतार किती, झाडी किती, पाणी किती लांब, रस्ता किती लांब. त्याशिवाय मूस तिथे एरवी किती वावरतात हेही धरावं लागतं. हल्ली लांडग्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर असते, एकाच ठिकाणी तो बराच वेळ थांबला की माणसं तिथे जाऊन बघतात, बहुतेकदा सांगाडा मिळतो.

रस्त्यांचं वेगळंच प्रकरण आहे. कॅनडातल्या अल्बर्टात तेल शोधायला जंगलात सरळसोट पट्टे कापलेत, काही मीटर रुंदीचे आणि किलोमीटरच्या किलोमीटर लांब, अनेक ठिकाणी कित्येक दशकांनीही तिथे झाडं नीट परत आलेली नाहीत. लांडग्यांना हे म्हणजे फुकटचा फ्रीवे. कॉलर लावून मोजलं तर अशा पट्ट्यांवर लांडगे जंगलातल्यापेक्षा दोन ते तीन पट वेगाने जातात. वेग वाढला की एका रात्रीत जास्त जागा पालथी घालता येते, म्हणजे गाठी वाढतात. लांडगा काही जास्त ताकदवान झालेला नाही, मूस काही अशक्त झालेला नाही, फक्त पहिला आकडा, गाठ पडण्याचा, फुगला. स्वीडन-नॉर्वेतही लांडगे जंगलातले कच्चे रस्ते फिरायला वापरतात पण मोठे रस्ते आणि घरं टाळतात.

याची खरी किंमत मात्र तिसराच देतो, कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर. जंगल तोडलं की तिथे कोवळा पाला फुटतो, विलो, बर्च, मूसला मेजवानी, मूस वाढतात, मूस वाढले की लांडगे वाढतात, आणि जास्त झालेले लांडगे त्याच कापलेल्या पट्ट्यांवरून कॅरिबूच्या जुन्या जंगलात पोचतात, जिथे पूर्वी लांडगे कमी जायचे म्हणून तर कॅरिबू तिथे राहायचा. त्याचे कळप आधीच छोटे, पिल्लू वर्षाला एकच. मग आता काही ठिकाणी ते पट्टे मुद्दाम अडवायचे प्रयत्न चाललेत, ओंडके आडवे टाकतात, मातीचे ढिगारे करतात, झाडं लावतात. हे मला मनापासून पटतं, कारण लांडगे गोळ्या घालून मारत राहण्यापेक्षा वाट परत अवघड करणं हे मुळावर काम करणं आहे.

पाणी मूसच्या बाजूचं. उन्हाळ्यात तो तळ्यात शिरून पाणवनस्पती खातो, त्यातून त्याला सोडियम मिळतं जे जमिनीवरच्या पाल्यात फार कमी असतं, आणि पोहायला तर उस्ताद. लांडगाही पोहतो पण पाय जमिनीला टेकत नसताना पाचशे किलोच्या प्राण्याला ओढणं अवघड. पिल्लं होतात मे-जूनमध्ये, तेव्हा आयल रॉयलच्या माद्या भोवतालच्या छोट्या छोट्या बेटांवर जातात. तिथे खायला मुख्य बेटापेक्षा कमी आणि हलकं मिळतं. म्हणजे आई उपाशीपोटी राहून गाठ टाळते. कॅम्पिंगच्या जागांजवळही अशा लेकुरवाळ्या माद्या दिसतात, कारण लांडगे माणसांपासून लांब राहतात. माणूस तिथे आयती ढाल होतो. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बरोबर उलटं आहे बघा, बिबट्या माणसांच्या वस्तीच्या कडेला येतो कारण तिथे भटकी कुत्री मिळतात, त्यामुळे "माणसाजवळ शिकारी येत नाही" हा नियम तिथला इथे आणून चालत नाही.

उकाड्याचंही थोडं सांगतो. मूस थंडीसाठी बनलाय. उन्हाळ्यात १४ अंशांच्या आसपास गेलं की त्याला उकडायला लागतं, हिवाळ्यात तर उणे ५ च्या वरच. मुंबईत ज्या तापमानाला आपण कपाटातून स्वेटर शोधतो तिथे त्याला धाप लागते. मग तो सावलीत, दाट झाडीत, पाण्यात जातो. म्हणजे हवामान गरम झालं की बर्फाचा त्रास कमी होईल, पण तो कुठे वावरेल ते बदलेल, आणि ते बदललं की गाठीही बदलतील.

आणि बेटावर तर गरमीने सगळा डावच बदलला. १९६० च्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत बेट आणि किनाऱ्यामध्ये बर्फाचा पूल व्हायचा, नवे लांडगे येऊ शकायचे. आता क्वचित होतो. नवं रक्त येईना, आपापसातच पिल्लं होत गेली, मणक्यात दोष यायला लागले, आणि २०१६ पर्यंत बेटावर फक्त २ लांडगे उरले. मूस वाढत गेले, दोन हजारांच्या वर, आणि फरची कोवळी रोपं साफ. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले. पंचवीस किलोमीटरच्या आतलं पाणी गोठलं नाही एवढीच गोष्ट, पण तिने बेटावरचं प्रत्येक झुडूप बदललं.

भाचीला शेवटी मी मेलेल्या मूसबद्दल सांगितलं, तिला आधी कसंतरी झालं. पण ऐका. आयल रॉयलवर पन्नास वर्षांतल्या साडेतीन हजारांहून जास्त सांगाड्यांच्या जागांची नोंद होती, त्या वापरून असं बघितलं गेलं की मूस जिथे मेला तिथल्या मातीत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आजूबाजूपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तिथे उगवणाऱ्या पानांतही नायट्रोजन जास्त. आणि या जागा बेटावर कशाही विखुरलेल्या नसतात, लांडगे जिथे मारतात तिथे त्यांचे पुंजके होतात, म्हणजे जमीन कुठे सुपीक होणार हेसुद्धा बर्फ, किनारा आणि झाडी मिळून ठरवतात.

मग तिने तो व्हिडिओ परत लावला आणि या वेळी मूसकडे बघितलंच नाही, मागे बघितलं. त्याच्या पुठ्ठ्याला लागून एक फरचं झाड होतं, खालच्या फांद्या दाट, आणि पायाखालचा बर्फ तुडवून तुडवून त्याने गोल, टणक करून ठेवला होता. एक लांडगा मागून जायला बघत होता आणि फांद्यांपाशी येऊन परत फिरत होता. ती म्हणाली, मामा, झाड नसतं तर? मी म्हटलं, मग आपण वेगळाच व्हिडिओ बघत असतो.